बाकड्याचा रंग

४ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

पोळं पोचलं. धडधाकट पोचलं हे आधी सांगतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. खोक्यात खोकं, त्यात कापूस, कापसात दादाची लोकरीची टोपी आणि टोपीत पोळं. पोस्टमनने खोकं हातात तोललं आणि म्हणाला, "आत काही आहे का नक्की?" मी म्हटलं, "रिकामं घर आहे." तो हसला नाही. माझे विनोद हल्ली कुणाला पोचत नाहीत, तुमची पार्सलं मात्र पोचतात.

टेबलावर ठेवून बराच वेळ नुसता बघत बसलो. गांधीलमाशा म्हटलं की आपण आधी पळतो, बघतो कधी? पाठ्यपुस्तकांसाठी मी आजवर मुंग्या काढल्या, टोळ काढले, पण असं भोपळ्याएवढं अख्खं पोळं हातात पहिल्यांदाच आलं. जुनं लाकूड कुरतडायचं, चावून लगदा करायचा, त्याचा कागद करून घर बांधायचं. म्हणजे कागदाच्या धंद्यात त्या आपल्या आधीपासून आहेत.

तुमची चिठ्ठी दोनदा वाचली. "जितकी वेगवेगळी लाकडं तितके पट्टे. पिवळट आहे ते ह्यांच्या कारखान्यामागच्या फळ्यांचं, तपकिरी कुंपणाचं, आणि अगदी तोंडाजवळचा निळा पट्टा म्हणजे ह्यांचं बाकडं. शेवटच्या उन्हाळ्यात माशा बाकड्याची पाठ कुरतडून न्यायच्या आणि हे मला हाकलू द्यायचे नाहीत. वादळात छप्पर पडून बाकडं मोडलं, चुलीत गेलं. त्याचं आता एवढंच उरलंय." गंमत म्हणजे दादा मला फोनवर म्हणाला होता की बाकड्याला राखाडी रंग मारलाय, छान शांत दिसतो. नंतर बदलला असेल. सुताराचा हात कुठे स्वस्थ बसतो!

तर तुमचं म्हणणं कळलं. लेकीच्या फ्लॅटमध्ये पोळं चालणार नाही, चित्र चालेल. चित्र मोठं हवं, निळा पट्टा ठळक हवा. आणि मार्चअखेर तुम्ही घर सोडण्याआधी पोळं परत हवं, म्हणजे वळचणीला त्याच्याच खिळ्यावर टांगून मग कुलूप लावाल. दोन्ही होईल. माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे: जे दिसतं तेच काढायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. या नियमापायी मी शाळेत चित्रकला शिकवताना किती पोरांना नापास केलं त्याची गणती नाही.

तुमचा दीर


२० जानेवारी

वहिनी,

काम सुरू आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी स्वयंपाकघरात कुणाला घेत नाही.

अख्खं पोळं काढलं तर तो भोपळाच दिसेल. म्हणून तोंडाजवळचा तळहाताएवढा भाग निवडला आणि तोच टेबलाएवढा मोठा करतोय. भिंगातून बघितलं की एकेक पट्टा म्हणजे माशीने एका खेपेत आणलेला घास. कडेला दातांच्या खुणा, मध्ये लाकडाचा तंतू. जाड कागद भिजवून फळीवर ताणला. त्यावर चहाच्या पाण्याचा हात दिला, दुसऱ्या दिवशी आणखी गडद चहाचा. जिथे उजळ रेघा हव्यात तिथे मेणबत्ती घासली, म्हणजे वरून जलरंग फिरवला तरी तिथे धरत नाही. मग रंगीत पेन्सिली, मग टाकाने शाईच्या बारीक रेघा. पापुद्रे सुटलेत तिथे पातळ टिश्यू कागद चुरगळून डिंकाने चिकटवतोय आणि त्यावर पुन्हा रंग. याला आमच्यात मिश्र माध्यम म्हणतात. तुमच्याकडे याला उरल्यासुरल्याचं काहीतरी करणं म्हणतात, मला माहीत आहे.

पिवळट पट्टा असा उतरलाय की तुम्ही नखाने खरवडून बघाल. तपकिरीही झाला. आता निळा राहिला.

बरं, एक विचारायचं होतं. अगदी सहज. निळा पट्टा तोंडाच्या कडेलाच आहे ना, की कडेपासून थोडा आत? आणि पूर्ण गोल फिरलाय की अर्धाच? मला दिसतोय हो, चांगला दिसतोय. तुम्ही इतकी वर्षं बघितलंत, तर तुमचं लक्ष कितपत आहे ते बघावं म्हटलं.

आणखी एक: निळा म्हणजे तुम्ही कसला म्हणाल? आकाशी? शाईसारखा? धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखा? बायकांना रंगांची नावं बरी सुचतात.

तुमचा दीर


९ फेब्रुवारी

वहिनी,

चित्र झालं. निळाही झाला. कसा झाला ते विचारू नका, झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुमचं पत्र मिळालं. "पूर्ण गोल फिरलाय, दोन बोटं रुंद आहे, आणि विटलेल्या सदऱ्यासारखा, बरोबर ओळखलंत," असं लिहिलंत. मी ओळखलं नव्हतं, पण असू द्या.

पोळं मात्र लगेच पाठवत नाही. इथली हवा दमट झालीय. अशात पार्सल केलं तर वाटेत लगदा व्हायचा. ते कपाटात वरच्या फळीवर आहे, टोपीतच. रोज बघतो असं नाही, पण आहे.

मध्ये खोडरबर येऊन गेला. आमच्या वर्गातला, सगळ्यांची खोडरबरं उसनी नेऊन परत न करणारा, तो आता कलामंडळाचा अध्यक्ष आहे. चित्राकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "हे वार्षिक प्रदर्शनात लागलं पाहिजे." मी म्हटलं, ते वहिनींचं आहे. तो म्हणाला, "मग वहिनींच्या नावाने उधार दे. परत करेन." त्याने आयुष्यात काही परत केल्याचं मला आठवत नाही. तरी मी हो म्हणून बसलो. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. चित्र काही दिवस उशिरा मिळेल, रागावू नका.

लिहिण्यासारखं आणखी काही नाही. तब्येत बरी आहे. तुम्ही बांधाबांध हळूहळू करा, एकदम सगळं काढू नका.

तुमचा दीर


२६ फेब्रुवारी

वहिनी,

पुतणीला फोटो पाठवला होता, तो तिने तुम्हाला दाखवला म्हणे. तुमचं पत्र आलं. "निळा अगदी तोच. मी फोटोवर बोट ठेवलं आणि लेक म्हणाली, आई, काच आहे, पट्टा नाही." हे वाक्य वाचून मी पत्र घडी घालून ठेवलं. संध्याकाळी पुन्हा काढलं आणि पुन्हा ठेवलं.

इथे जो तो त्याच निळ्याचं बोलतो. लोक चित्राला नाक लावून बघतात. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "बाकीचं काढलंय, पण हे बघ, हे अगदी खरं वाटतं." नवरा म्हणाला, "हात असतो एकेकाचा." मी शेजारीच उभा होतो. मला पाठ थोपटून घ्यायची सवय आहे, पण त्या दिवशी मी छत्री घेऊन निघालो. पाऊस नव्हता.

चित्राखाली एक कार्ड लावतात. त्यावर नाव, आकार आणि कशाकशाने काढलं ते. माझ्या कार्डावर लिहिलंय: चहा, जलरंग, रंगीत पेन्सिल, शाई, मेण, टिश्यू कागद. मीच लिहून दिलं.

खोडरबरने येत्या रविवारी प्रात्यक्षिक ठेवलंय. मंडळाच्या लोकांसमोर मी बसायचं आणि निळा पट्टा कसा काढला ते करून दाखवायचं. मी म्हटलं, अंगात कसर आहे. तो म्हणाला, "दोन दिवसांत जाईल." खरंच गेली. नाही त्या वेळी तब्येत साथ देते.

पोळ्याचं विचारलंत. पाठवतो.

तुमचा दीर


६ मार्च

वहिनी,

हे पत्र बसून, उभ्याने, कसंही वाचा, पण लेकीसमोर वाचू नका.

तुमचं पोळं मी मोडलं. माझ्या हातून पडलं नाही, उंदराने कुरतडलं नाही. निळा पट्टा मी चिमट्याने उपटला आणि चित्रात चिकटवला. लोक ज्याला हात म्हणतात तो माझा हात नाही, दादाचं बाकडं आहे.

आता सुरुवातीपासून सांगतो. मला निळा दिसलाच नाही, वहिनी. खोकं उघडलं त्या दिवशीही नाही. मला पिवळट दिसला, तपकिरी दिसला आणि तोंडाजवळ राखेसारखं काहीतरी दिसलं. मला वाटलं, उजेड कमी आहे. खिडकीत नेलं, गच्चीवर नेलं, राखच. शेवटी टोपीसकट खाली शिंप्याच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "तुझी परीक्षा घेतोय, यात निळा कुठाय सांग." त्याने आधी माझ्याकडेच बघितलं. मग बोट फिरवून दाखवलं, "हा काय, सगळा गोल निळा आहे." मी म्हटलं, "शाबास." वर येऊन तुम्हाला ते परीक्षेचं पत्र लिहिलं. तेव्हाही तुमच्याशी खोटं बोललो आणि वर तुमचीच थट्टा केली.

ज्याने जन्मभर "जे दिसतं तेच काढ" म्हणून पोरांच्या कागदावर लाल रेघा मारल्या, त्याला दिसत नव्हतं. हे कबूल करण्यापेक्षा मी काहीही केलं असतं, आणि केलंच.

पहिल्यांदा नळीवरचं नाव वाचून निळा रंग घेतला आणि अंदाजाने मिसळला. चित्र शिंप्याला नेऊन दाखवावं तर लाज वाटत होती. त्याच्याकडे किती वेळा परीक्षा घ्यायला जाणार? मग वाटलं, पट्ट्याचा एक कण काढून कागदावर रंगाशेजारी ठेवावा, जुळतो का बघावं. पण दोन्ही राखच दिसली, जुळलं की नाही काय कळणार? तो कण तिथेच डिंकाला चिकटला. आणि मनात आलं, हा तर खरा निळा आहे. इथे चूक होऊच शकत नाही. टिश्यूचे पापुद्रे चिकटवतोच आहे, त्यात एक पापुद्रा असला तर काय बिघडलं?

वहिनी, चित्र टेबलाएवढं आहे हे मी विसरलो होतो. एका कणाने काय होणार? मग नखाएवढा तुकडा घेतला. मग बोटाएवढा. पोळ्याचं तोंड गोल आहे, म्हणून मागच्या बाजूचं घेतलं, म्हणजे समोरून दिसणार नाही. मग मागचं संपलं. संध्याकाळपर्यंत चित्रातला पट्टा भरला होता आणि पोळ्याला तोंड उरलं नव्हतं. मी ते टोपीत उलटं ठेवलं, मोडका भाग खाली. हे उलटं ठेवणं मला सगळ्यात जास्त टोचतं. उपटताना मी वेड्यासारखा होतो म्हणता येईल, पण उलटं ठेवताना मी पूर्ण शुद्धीत होतो.

रविवारचं सांगतो, म्हणजे पूर्ण होईल. हॉल भरला होता. मी टेबलाशी बसलो, वर कॅमेरा, मागे पडद्यावर माझा हात भिंतीएवढा. चहाचा हात दिला, मेण घासलं, सगळे वाहवा करत होते. खोडरबर म्हणाला, "आता निळा!" मी नळी उचलली, नाव वाचलं, रंग लावला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "हा जांभळा आधी लावायचा असतो का?" नळीवरचं नाव मी नीट वाचलं नव्हतं. चष्मा कपाळावर होता.

मी "हो, आधी जांभळा" असं म्हणालो असतो तर निभावून गेलं असतं. सगळ्यांनी लिहूनही घेतलं असतं. माझ्या तोंडात शब्द आला होता. पण पडद्यावर तो एवढा मोठा हात बघितला आणि मला तुमचं पत्र आठवलं, फोटोवर बोट ठेवल्याचं. मी ब्रश ठेवला आणि म्हणालो, "निळा मी काढलेला नाही. तो खरा आहे. पोळ्यातून उपटलाय."

आणि वहिनी, कुणी काही म्हटलं नाही! मला वाटलं होतं, उठून जातील. उलट टाळ्या वाजल्या. खोडरबर खांद्यावर हात टाकून म्हणाला, "अरे, मिश्र माध्यमच ना? त्यात काय एवढं! कार्डावर एक शब्द वाढवू." लोकांच्या लेखी काहीच झालं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथे एकालाही ठाऊक नव्हतं की ते पोळं कुणाचं आहे. ते फक्त मला ठाऊक होतं आणि तुम्हाला.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. म्हणाले, "पिवळ्या काचेतून बघताय तुम्ही. फिका निळा आधी जातो, राखाडी वाटायला लागतो. इतके दिवस कळलं नाही?" मी म्हटलं, "कळून घ्यायचं नव्हतं." त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख दिलीय, याच महिन्यातली.

चित्र प्रदर्शनातून काढून आणलं. पट्टा ओल्या कापसाने सोडवायचा प्रयत्न केला. थोडा सुटला, बराचसा कागदाला धरून फाटला. सुटला तेवढा काड्यापेटीत ठेवलाय. पोळं, काड्यापेटी आणि टोपी आजच्या पार्सलने पाठवतोय. या वेळी पोळं सुलटं ठेवलंय. चित्रात आता पट्ट्याच्या जागी फाटका पांढरा कागद आहे. ते पाठवायचं धाडस नाही.

माफी मागावी असं काही नाही यात, कारण माफ केलंत तरी त्या खिळ्यावर काय टांगाल? फक्त मला लाज वाटते, एवढं खरं लिहितोय. दादा असता तर त्याने मला एक ठेवून दिली असती आणि मग स्वतःच हसला असता. तुम्ही हसू नका.

तुमचा दीर


१५ मार्च

वहिनी,

तुमचा फोन ठेवल्यावर मी तसाच बसलो होतो. फोनवर मी नुसता हुं हुं करत राहिलो. म्हणून लिहितो.

तुम्ही पहिलंच म्हणालात, "भाऊजी, पोळ्याबद्दल मी काही बोलणार नाही." आणि बोललाही नाहीत. मी ऐकायला तयार होतो. शिव्या दिल्या असत्यात तर बरं वाटलं असतं, हे तुम्हाला कळलं असणार, म्हणूनच नाही दिल्यात.

मग विचारलंत, "तुम्हाला तो पट्टा राखाडी दिसत होता?" मी हुं म्हटलं. "अगदी राखाडी? निळ्याची झाकसुद्धा नाही?" मी पुन्हा हुं. मागे कुणीतरी टेप ओढून खोकी बंद करत होतं, तो आवाज येत होता. आणि मग तुम्ही जे सांगितलंत ते तुमच्याच शब्दांत लिहून ठेवतो, कारण माझं काही मी त्यात घालू नये.

"ह्यांनी डबा आणला तो राखाडी म्हणूनच. झाकण उघडलं तर आत निळा. मी म्हटलं, दुकानदाराने फसवलं, चला परत करू. हे म्हणाले, फसवलं कुठे, राखाडीच तर आहे, शांत रंग आहे. मी ह्यांच्याकडे बघितलं. थट्टा करत नव्हते. डॉक्टरचं नाव काढलं तर ताटावरून उठायचे, तुम्हाला माहीत आहेत. मी म्हटलं, हो, राखाडीच आहे. मग दोन वर्षं आम्ही त्या एका बाकड्यावर बसलो. हे राखाडीवर बसायचे आणि मी निळ्यावर."

तुम्ही थांबलात आणि मग आवाज चढवलात, पहिल्यांदाच.

"मग तुम्ही राखाडी का नाही काढलंत, भाऊजी? मला निळा माहीत आहे हो, मी रोज बघत होते. ह्यांना काय दिसत होतं ते मला कधीच कळलं नाही. विचारलं असतं तर ह्यांना कळलं असतं. तुम्हाला दिसत होतं. तुमच्या डोळ्यांसमोर होतं. आणि तुम्ही ते झाकायला माझा निळा उपटलात."

फोन तुम्ही ठेवलात. रागाने ठेवलात की लेक आली म्हणून, ते मला कळलं नाही.

तेव्हापासून माझं एकच चाललंय. दादा मला फोनवर सांगत होता, राखाडी, छान शांत दिसतो. मी ते तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, वर सुताराचा हात स्वस्थ बसत नाही म्हणून शेरा मारला होता. दादा माझ्याशी खरं बोलत होता आणि मला दिसतही तेच होतं. आम्ही दोघे भाऊ एकाच रंगाकडे बघत होतो आणि मी लाजेपायी ते खोडून वर दुसऱ्याचा रंग चिकटवला. एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

म्हणून आज सकाळी डॉक्टरांकडे गेलो आणि तारीख पुढे ढकलून घेतली. ते चिडले. म्हणाले, "लोक लवकरची तारीख मागतात, तुम्ही उशिराची मागताय. पिकलाय तो, आणखी किती पिकवणार?" मी म्हटलं, एक चित्र पुरं करायचंय, याच डोळ्यांनी. ते म्हणाले, "नव्या डोळ्यांनी जास्त चांगलं होईल." मी म्हटलं, चांगलं होईल, पण ते नाही होणार. त्यांना वाटलं, म्हातारा चळलाय. लिहून मात्र दिलं.

पोळ्याचं माझ्याकडे आता काही नाही, पण चित्राच्या फाटक्या कडेला एक धागा अडकून राहिलाय, कापसाने सुटला नाही तो. मला तो राखाडी दिसतो. तोच समोर ठेवलाय, आता त्याला हात लावत नाही. फाटलेल्या जागी मागून पातळ कागद लावून घेतला. नळ्यांवर आणि पेन्सिलींवर नाव वाचून फक्त काळा आणि पांढरा बाजूला काढला, चष्मा लावून, दोनदा. बाकीचा डबा कपाटात ठेवला. काळ्या-पांढऱ्याची एकेक मिसळ त्या धाग्याशेजारी धरतो आणि दोन्ही मला सारखी दिसली की तीच घेतो. निळा मला अजूनही दिसत नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं मला बरं वाटतं.

तुम्ही घर सोडायच्या आत चित्र पोचेल. मोडकं पोळं त्या खिळ्यावर टांगा की नका टांगू, तो तुमचा प्रश्न, मी त्यात तोंड घालत नाही. कार्ड मी या वेळी चित्राच्या मागेच लिहिलंय: चहा, जलरंग, पेन्सिल, शाई, मेण, टिश्यू कागद. आणि खाली, निळ्याचा एक धागा, चोरलेला. तो पट्ट्याच्या डाव्या टोकाला आहे, तुम्हाला लगेच सापडेल. मला सापडायला भिंग लागतं.

बाकी सगळं राखाडी आहे, वहिनी. दादा ज्यावर बसायचा तेच.

तुमचा दीर